यझ्द: आधी काय पाहावे आणि कोणत्या संग्रहालयांना खरोखर वेळ द्यावा?

सुरसागरकाठ (वडोदरा)

नमस्कार.

इराणमधील यझ्द शहराविषयी जाणकारांचा सल्ला हवा आहे. माझी सारी नोकरी शाळेत इतिहास शिकवण्यात गेली आणि निवृत्तीनंतर जुनी शहरे पायी हिंडून पाहण्याचा नाद लागला. माझ्या एका पारशी मैत्रिणीचे पूर्वज यझ्दच्या परिसरातील एका खेड्यातून आधी मुंबईत आणि मग वडोदऱ्यात आले. ते शहर एकदा डोळ्यांनी पाहावे ही तिची जुनी इच्छा आहे आणि तिच्या सोबतीने जाण्याचे माझेही जवळपास ठरले आहे. व्हिसा, सरकारच्या प्रवाससूचना आणि तिकडची परिस्थिती यांची चौकशी आम्ही वेगळी करत आहोत. तेव्हा त्या विषयात इथे शिरू नये, ही विनंती.

एका पर्यटन कंपनीने पाठवलेल्या आराखड्यात यझ्दसाठी सकाळी जामा मशीद, मग अमीर चखमाक चौक, दुपारी झरतुश्ती (म्हणजे पारशांच्या मूळ धर्माचे) अग्निमंदिर, सूर्यास्ताच्या वेळी दख्मे (जिथे पूर्वी मृतदेह उघड्यावर ठेवत ते मनोरे) आणि शेवटी ‘वेळ उरल्यास एखादे संग्रहालय’ अशी मांडणी आहे. ती वाचून मी विचारात पडले. युनेस्कोने 2017 साली यझ्दला जागतिक वारसा यादीत घेतले ते एखाद्या एकट्या दुकट्या इमारतीसाठी नव्हे, तर कच्च्या विटांच्या, अजूनही माणसे राहत असलेल्या संपूर्ण जुन्या शहरासाठी. असे असताना चार ठिकाणी बसमधून उतरून छायाचित्रे काढली, की शहर पाहून झाले असे समजायचे का?

माझी स्वतःची ओढ पाणी आणि घरे यांकडे आहे. लक्ष्मीविलास राजवाड्याच्या आवारातील नवलखी वाव (पायऱ्यांची विहीर) मी पाहिली आहे, आणि वाळवंटात राहणाऱ्यांनी वावेवाचून कसे भागवले असेल याचे मला कुतूहल आहे. मैत्रिणीला अर्थातच अग्निमंदिर आणि झरतुश्ती वस्ती पाहायची आहे. यांचा मेळ कसा घालावा? शिवाय तिथल्या संग्रहालयांपैकी कोणती अभ्यासपूर्वक मांडलेली आहेत, आणि कोणती केवळ जुन्या घरात काचेची कपाटे ठेवून चालवलेली आहेत, हे कोणी मोकळेपणाने सांगितले तर फार बरे होईल.

---

कुंडीभंडारा (इंदूर)

सुरसागरताई, कंपनीने ‘वेळ उरल्यास’ म्हणून जे तळाशी ढकलले आहे तेच आपण सर्वांत आधी पाहावे. अमीर चखमाक चौकाजवळचे जलसंग्रहालय पाहिल्याखेरीज यझ्दमधील इतर इमारती नीट उलगडत नाहीत, असे माझे ठाम मत आहे.

या शहरात वर्षाकाठी जेमतेम 50 ते 60 मिलिमीटर पाऊस पडतो. आपल्याकडे भर पावसाळ्यात एवढा पाऊस एका दिवसात पडून जातो. बारमाही नदी नाही. नैर्ऋत्येला शिरकूह हा 4000 मीटरहून उंच डोंगर आहे. त्यावरचे बर्फ वितळून जमिनीत मुरते आणि ते मुरलेले पाणी शतकानुशतके भुयारी पाटांनी वस्तीपर्यंत आणले गेले. या भुयारी पाटाला तिकडे कनात म्हणतात. डोंगराच्या पायथ्याकडे पाणी लागेपर्यंत एक खोल विहीर खणायची आणि तिच्या तळापासून गावापर्यंत अगदी हलक्या उताराचा बोगदा जोडायचा, एवढीच कल्पना आहे. पण हा उतार राखणे हेच सारे कसब. उतार थोडा वाढला तर पाणी तळ खरवडते, कमी पडला तर गाळ साचतो. ठरावीक अंतरावर उभ्या विहिरी पाडतात, त्यातून माती वर येते आणि आत हवा खेळते. खोदकाम साधारणतः गावाकडच्या तोंडापासून डोंगराकडे करत नेतात, म्हणजे वाटेत लागणारे पाणी मागच्या मागे वाहून जाते. विमानातून पाहिले तर या विहिरींच्या तोंडाशी टाकलेल्या मातीच्या कड्यांची लांबच लांब ओळ वाळवंटात दिसते. इराणमधील अशा 11 कनातींना युनेस्कोने 2016 साली मान्यता दिली, त्यात यझ्दची जार्च कनात आहे. तिची लांबी 70 किलोमीटरहून अधिक आहे.

संग्रहालय कोलाहदूझ नावाच्या घराण्याच्या वाड्यात आहे. 19व्या शतकातील हे घर 2000 साली संग्रहालय म्हणून खुले झाले. वरच्या मजल्यावरील दालने भरभर पाहिली तरी चालतील, मात्र तळघरे चुकवू नयेत. कनात खणणाऱ्या कारागिराला मुकन्नी म्हणतात. त्याचे रहाट, बादल्या, दिवे आणि पांढरा पोशाख तिथे मांडलेला आहे. पांढरा रंग अंधारात उठून दिसावा म्हणून, आणि माती कोसळलीच तर तोच पोशाख कफन व्हावा म्हणून, असे तिथे सांगतात. दिव्यांचा उपयोग उजेडापुरता नव्हता: दोन दिवे एका रेषेत ठेवून बोगद्याची दिशा सरळ राखली जाई आणि ज्योत मंदावू लागली की हवा खराब झाली हे ओळखून माणूस मागे फिरे.

तिथली एक वस्तू मात्र मराठी माणसाने थांबून पाहावी. पाण्याने भरलेल्या मोठ्या भांड्यात बुडाला बारीक छिद्र असलेली धातूची वाटी सोडलेली असते. ती भरून बुडाली की एक माप वेळ संपली आणि पुढच्या शेतकऱ्याची पाळी सुरू झाली. आपल्याकडे लग्नमुहूर्तासाठी जे घटिकापात्र घंगाळात सोडत, त्याचीच ही रचना. फरक एवढाच, की तिथे तिच्यावर मंगलाष्टकांऐवजी पाण्याचे तंटे अवलंबून असत. पाणी मोजून देणाऱ्याला मीराब म्हणतात, म्हणजे आपला पाटकरी. आणि वाटी किती वेळा बुडाली याचा हिशेब ठेवणाऱ्यावर साऱ्या गावाचा विश्वास असावा लागे.

हे पाहून झाले की मग शहरात फिरावे. सहा वाऱ्याच्या मनोऱ्यांचा आब-अंबार, म्हणजे पाण्याची भुयारी टाकी, पाहावी. पाणी जमिनीखाली, वर घुमट आणि भोवती मनोरे. मनोऱ्यांतून सतत हवा खेळती राहिल्यामुळे टाकीतले पाणी गार आणि ताजे राहते. तिथून दौलताबाद बागेत जावे. 18व्या शतकाच्या मध्यास यझ्दचा सुभेदार मुहंमद तकी खान याने ती वसवली. तिथला अष्टकोनी बादगीर, म्हणजे वाऱ्याचा मनोरा, सुमारे 33 मीटर उंच आहे. त्याच्या तळाशी कारंज्याचे कुंड असलेले दालन आहे, तिथे उभे राहून मान वर करून पाहावे: मनोऱ्याचे आतून उभ्या पडद्यांनी पाडलेले कप्पे दिसतात. ज्या बाजूने वारा येतो त्या बाजूचे कप्पे हवा खाली ढकलतात, विरुद्ध बाजूचे कप्पे तापलेली हवा वर ओढून घेतात. आणि वारा पडलेला असला तरी उन्हाने तापलेल्या मनोऱ्यातील हवा वर चढत राहतेच, त्यामुळे खालची खोली कोंदट होत नाही. भर दुपारी, बाहेर अंग भाजत असताना तिथे जाणे उत्तम. कंपनी नेमके तेव्हाच आपल्याला जेवणाच्या हॉटेलात बसवील.

आपण नवलखी वावेचा उल्लेख केलात, त्यावरून एक सांगतो. यझ्दच्या वाड्यांमध्ये आणि मशिदींतही जमिनीतून कनातीपर्यंत उतरणाऱ्या पायऱ्या असतात, त्यांना पायाब म्हणतात. जामा मशिदीच्या अंगणातून असाच जिना जार्च कनातीकडे उतरतो. वावेत आपण साचलेल्या पाण्यापाशी जातो, पायाबात वाहत्या. त्यामुळे डोंगराच्या बाजूच्या वरच्या वस्तीला पाणी आधी आणि स्वच्छ मिळे, खालच्या वस्तीला नंतर. शहरातील श्रीमंती कुठे आणि गरिबी कुठे, हे बऱ्याच अंशी या पाटाच्या दिशेने ठरले आहे.

आज मात्र यझ्दचे पिण्याचे पाणी मुख्यतः इस्फहानकडच्या जायंदे रूद नदीवरून नळाने येते. खोल विंधनविहिरींनी भूजल उपसले गेल्याने अनेक कनाती आटल्या. त्यामुळे संग्रहालयात पाहिलेली हत्यारे ही पुराणवस्तू आहेत की चालू धंद्याची, याचे उत्तर तिथे ‘दोन्ही’ असेच मिळते.

आणि प्रवासाचे बारगळलेच, तरी बऱ्हाणपूर कुठे जात नाही. तिथल्या कुंडी भंडाऱ्याची योजना 1615 च्या सुमारास, अब्दुर्रहीम खानखानानच्या काळात, एका इराणी तज्ज्ञानेच आखली होती. मलिक अंबरने छत्रपती संभाजीनगरला, तेव्हाच्या खडकीला, आणलेली नहर-ए-अंबरी हीदेखील याच कुळातली.

---

नवसारीचा पार (वडोदरा)

वरील प्रतिसाद उत्तम आहे, पण तो वाचून ताईंच्या मैत्रिणीचा निम्मा वेळ तळघरात जाईल अशी भीती वाटते, म्हणून दुसरी बाजू मांडतो. माझे बालपण नवसारीत गेले. ते गाव गायकवाडांच्या राज्यात होते आणि तिथला आतश बेहराम, म्हणजे सर्वोच्च दर्जाचे अग्निमंदिर, 1765 पासून आहे. रोज त्या भिंतीवरून शाळेत जाऊनही आम्हा इतर मुलांना आत काय आहे ते कधी दिसले नाही. बिगरपारशी माणसाला भारतातल्या आठांपैकी एकाही आतश बेहरामात प्रवेश नाही. नववा यझ्दला आहे आणि तिथे मात्र कोणीही काचेआडून अग्नी पाहू शकतो. तेव्हा ताई, आपण दोघी तिथे एकत्र उभ्या राहू शकाल, जे गुजरातमधील उदवाड्याच्या आतश बेहरामात शक्य नाही.

इमारत म्हणून विचाराल तर ती जुनी नाही आणि भव्यही नाही. 1934 साली ती पूर्ण झाली. पैसा मुख्यतः मुंबईच्या पारशांचा आणि आराखडाही तिकडच्या आतश बेहरामांच्या धर्तीवरचा. समोर गोल हौद, दर्शनी भागावर पंख पसरलेले फरवहर हे झरतुश्ती चिन्ह आणि आत धातूच्या मोठ्या पात्रात सुक्या लाकडांवर जळणारा अग्नी. बसमधून उतरलेले लोक पाच मिनिटांत बाहेर येऊन ‘एवढेच?’ असे विचारतात. जुना आहे तो अग्नी. परंपरेनुसार तो इ. स. 470 च्या सुमारास फार्स प्रांतात प्रज्वलित झाला. तिथून तो अकदा येथे हलवला, पुढे 1173 मध्ये अर्दकानला आणि 1474 मध्ये यझ्दमधील एका दस्तुराच्या, म्हणजे प्रमुख धर्मगुरूच्या, घरी. म्हणजे साडेचारशे वर्षे तो साध्या घरांत सांभाळला गेला, आणि त्याच काळात आपल्या गुजरातशी त्याचा संबंध जुळला. 1478 साली भरूचचा नरीमान होशंग यझ्दला गेला. धर्माचाराविषयी गुजरातच्या पारशांना पडलेले प्रश्न तो घेऊन गेला आणि तिथल्या दस्तुरांची लेखी उत्तरे घेऊन परतला. हा पत्रव्यवहार 1773 पर्यंत अधूनमधून चालू राहिला. मृतदेहाच्या अशुद्धीचे नियम, यज्ञविधी, दिनदर्शिका असे सारे प्रश्न या पत्रांत आहेत. आपल्या मैत्रिणीला अग्निमंदिरात जाण्यापूर्वी एवढे सांगून ठेवावे, मग ‘एवढेच?’ हा प्रश्न तिला पडणार नाही.

पुढच्या काळात पारडे फिरले. सुरतेजवळच्या मोरा सुमाली गावी 1813 साली जन्मलेले मानेकजी लिमजी हातरिया यांना मुंबईच्या पारशांच्या संस्थेने 1854 मध्ये इराणला पाठवले. तिथल्या बांधवांची स्थिती पाहून ते तिथेच राहिले. जवळजवळ तीन दशकांच्या खटपटीनंतर 1882 मध्ये नासिरुद्दीन शहाने झरतुश्तींवरचा जिझिया उठवला. या काळातील निर्बंध वाचले तर अंगावर काटा येतो: घर ठेंगणे ठेवावे, रस्त्यातून घोड्यावर बसून जाऊ नये, आणि वाऱ्याचा मनोरा बांधू नये. कुंडीभंडारासाहेबांनी बादगीराचे इतके सुंदर वर्णन केले आहे. त्याच मनोऱ्यांच्या सावलीत राहणाऱ्या झरतुश्तींना दीर्घकाळ तो बांधण्याची मोकळीक नव्हती. ताईंच्या मैत्रिणीचे पूर्वज 19व्या शतकात निघाले असतील, तर ते बहुधा बिनमनोऱ्याच्या घरातून निघाले असतील. जुन्या झरतुश्ती मोहल्ल्यांतून आणि तफ्त, चम, शरीफाबाद या खेड्यांतून फिरताना छपरांकडे पाहावे. शरीफाबाद तर त्या पत्रव्यवहारातील दस्तुरांचे गाव.

संग्रहालयांपैकी मारकर शाळेच्या आवारातील झरतुश्ती इतिहास-संस्कृतीचे संग्रहालय आपल्या दोघींसाठी महत्त्वाचे आहे. मुंबईचे दानशूर पेशोतनजी मारकर यांनी यझ्दमध्ये शाळा आणि अनाथगृह उभारले. चौकातील घड्याळाचा मनोराही त्यांच्याच नावाचा आहे. मांडणी साधी आहे, पण वस्तू घराघरांतल्या आहेत, आणि मैत्रिणीला त्यातील काही आजीच्या पेटीत पाहिल्याचे आठवेल.

दख्म्यांविषयी माझे मत थोडे कडक आहे. शहराच्या दक्षिणेस दोन टेकड्यांवर ते आहेत. त्यांतला एक हातरिया यांच्या पुढाकाराने बांधला गेला. त्यांचा वापर 1970 च्या दशकात थांबला आणि आता पायथ्याशी दफनभूमी आहे. सूर्यास्ताच्या वेळी वर गर्दी होते आणि तरुण मंडळी मोटारसायकली घेऊन येतात. ज्यांच्या आप्तांचे अंत्यसंस्कार तिथे झाले असतील त्यांना ते रुचण्यासारखे नाही. सकाळी लवकर जावे, नाहीतर खालूनच पाहावे.

---

चुनाविटा (ग्वाल्हेर)

पाणी झाले, अग्नी झाला. आता मातीच्या बाजूने थोडे बोलतो, कारण जामा मशिदीचा उल्लेख वर केवळ जिन्यापुरता आला, हे मला खटकले.

ही मशीद मुख्यतः 14व्या शतकातील आहे. तिचे प्रवेशद्वार इतके अरुंद आणि उंच आहे, की समोरच्या गल्लीतून पाहताना मान दुखते. त्यावरचे दोन मनोरे, जे नंतर चढवले गेले, सुमारे 50 मीटर उंच आहेत. पण मनोऱ्यांची छायाचित्रे सगळेच काढतात. ताईंनी आतील मिहराबापुढे (प्रार्थनेची दिशा दाखवणाऱ्या कोनाड्यापुढे) उभे राहून फरशीकाम जवळून पाहावे. आमच्या किल्ल्यावरील मान मंदिराच्या निळ्या फरशा आपण पाहिल्या असतील, तर इथला फरक पटकन ध्यानात येईल. इथे एका फरशीवर अनेक रंग रंगवलेले नाहीत. प्रत्येक रंगाची फरशी वेगळी भाजून, हव्या त्या आकाराचे तुकडे कापून, घासून, एकमेकांत बसवले आहेत. एका पानाच्या देठाची पांढरी रेघसुद्धा स्वतंत्र तुकडा असते. वेगवेगळ्या रंगांना वेगवेगळी आच लागते, म्हणून सर्व एकत्र भाजले तर एखादा रंग उतरतोच. सुटे भाजल्यामुळे प्रत्येक रंग पूर्ण तेजाने उतरला आहे. पुढे घाई वाढली तेव्हा एकाच फरशीवर सात रंग काढण्याची पद्धत आली. ती स्वस्त पडते आणि थोडी फिकी दिसते.

‘सिकंदराचा तुरुंग’ म्हणून दाखवतात त्या घुमटाच्या इमारतीत सिकंदराचे काहीही नाही. ती मुळात मदरसा. फारसी कवी हाफिजने एका ओळीत यझ्दला सिकंदराचा तुरुंग म्हटले, ते नाव इमारतीला चिकटले, आणि अंगणातील विहिरीला आपोआप अंधारकोठडीची कथा लाभली. तरीही तिथे जाण्याचे कारण आहे, कारण शेजारीच ‘बारा इमामांची कबर’ नावाची 11व्या शतकातील वास्तू आहे. नाव काहीही असो, तिथे एकाही इमामाची कबर नाही. चौकोनी खोलीवर गोल घुमट कसा ठेवायचा, हा प्रश्न त्या काळी विटेने कसा सोडवला ते इथे उघड्या डोळ्यांनी पाहता येते: चार कोपऱ्यांत कमानी टाकून चौकोनाचा अष्टकोन केला आणि मग त्यावर घुमट चढवला. पर्यटक तुरुंग पाहून निघून जातात, त्यामुळे ही खोली बहुधा रिकामी मिळते.

अमीर चखमाक चौकाचे फार कौतुक होते. 15व्या शतकात तैमुरी सुभेदार अमीर जलालुद्दीन चखमाक आणि त्याची पत्नी सित्ती फातिमा यांनी इथे मशीद, बाजार, हमामखाना असा समूह उभारला. मात्र जे तीन मजली कमानींचे चित्र सर्वत्र छापलेले दिसते, ते त्या काळातले नाही. ती नंतरची, मोहरमच्या विधींसाठीची दर्शनी भिंत आहे आणि तिच्यामागे फारसे काही नाही. पुढ्यात उभा असलेला पानाच्या आकाराचा अवाढव्य लाकडी सांगाडा, नख्ल, हा तिथला खरा ऐवज. आशूराच्या, म्हणजे मोहरमच्या दहाव्या, दिवशी असे नख्ल काळ्या कापडाने मढवून शेकडो माणसे खांद्यावर उचलतात. चौकातला हा आता जागचा हलत नाही, पण आसपासच्या गावांत ही प्रथा चालू आहे. शिंदे सरकारांचा ताजिया पाहत वाढलेल्या ग्वाल्हेरकराला त्याचे नवल कमी आणि ओळख जास्त वाटते.

दिव्यांचे आणि आरशांचे एक संग्रहालय आहे, ते केवळ बंगल्यासाठी पाहावे. लारी घराण्याचा वाडा मात्र संग्रहालय नसूनही संग्रहालयाचे काम करतो: उन्हाळ्यात राहण्याची उत्तरेकडे तोंड असलेली बाजू, हिवाळ्यात राहण्याची दक्षिणमुखी बाजू, आणि मधल्या चौकाभोवती ऋतूंप्रमाणे बिऱ्हाड हलवण्याची व्यवस्था तिथे स्पष्ट दिसते.

---

सुरसागरकाठ (वडोदरा)

तिघांचीही मनापासून आभारी आहे. मनोरे बांधण्यावरच्या बंदीविषयी मैत्रिणीला वाचून दाखवले, तेव्हा ती म्हणाली, की घरात ‘आमचे घर जमिनीत होते’ असे सांगत असत आणि आम्ही मुले त्याचा अर्थ तळघर असा घ्यायचो.

आता दोन शंका राहिल्या. मैबोद हे गाव जवळच आहे असे वाचले. तिथे जाण्यासाठी यझ्दमधील काही गाळावे का? आणि माझे गुडघे दुखतात, त्यामुळे पायऱ्या आणि टेकड्या मोजूनच चढता येतील. काय सोडले तर फारसे बिघडणार नाही?

---

नवसारीचा पार (वडोदरा)

ताई, मैत्रिणीच्या घरचे सांगणे बरोबर जुळते. घराची उंची वाढवता येत नसे, तेव्हा रस्त्याच्या पातळीखाली खणून खोल्यांना उंची दिली जाई. अशा घरात शिरताना दारातूनच पायऱ्या उतराव्या लागत.

गुडघ्यांचा विचार करता दख्मे आणि चकचक ही दोन्ही ठिकाणे आपण सोडून द्यावीत. चकचक हे झरतुश्तींचे डोंगरकड्यातील तीर्थ आहे, आणि वर पोहोचायला बराच जिना चढावा लागतो. मैत्रिणीला जायचे असेल तर तिने 14 ते 18 जूनच्या यात्रेची चौकशी आपल्या समाजातून करावी. त्या दिवसांत तिथे तिचे स्वागत होईल, आपले होईलच असे नाही.

---

कुंडीभंडारा (इंदूर)

मैबोदसाठी आरशांचे संग्रहालय आणि चौकातील दुकाने बेलाशक गाळावीत. गाव यझ्दपासून सुमारे 50 किलोमीटरवर आहे. नारीन किल्ला हा कच्च्या विटांचा डोंगरच आहे आणि त्याचा पाया इस्लामपूर्व काळातला. गुडघ्यांमुळे माथ्यापर्यंत जाऊ नये, खालूनही थरांवर थर चढवलेले दिसतात. खाली सपाटीवर बर्फखाना, सराई आणि कबुतरखाना एकमेकांपासून जवळ आहेत. बर्फखान्याची युक्ती अशी, की हिवाळ्यात उंच भिंतीच्या सावलीतील उथळ हौदांत पाणी सोडायचे, रात्री त्याचा बर्फ धरला की फोडून घुमटाखालच्या खड्ड्यात भरायचा आणि उन्हाळ्यात विकायचा. कबुतरखान्यात हजारो खोबणी आहेत. तो कबुतरांच्या हौसेसाठी नव्हे, शेताला लागणाऱ्या खतासाठी बांधलेला आहे. मैबोदचे बादगीरही पाहावेत: यझ्दमध्ये मनोऱ्याला चार किंवा आठ तोंडे असतात, इथे बहुतेक एकच, कारण इथला चांगला वारा ठरलेल्या दिशेने येतो आणि बाकीच्या दिशांनी धूळ.

आपण शिक्षिका होता म्हणून झीलू संग्रहालय आवर्जून सुचवतो. झीलू म्हणजे मैबोदची सुती सतरंजी, बहुधा दोनच रंगांची. मशिदीसाठी निळी-पांढरी विणत. दान दिलेल्या झीलूच्या काठावर दात्याचे नाव, मशिदीचे नाव आणि वर्ष विणलेले असते, त्यामुळे प्रत्येक सतरंजी हा एक दस्तऐवज असतो. ज्या मशिदीची कागदपत्रे नष्ट झाली तिचा काळ जमिनीवर अंथरलेल्या कापडावरून वाचता येतो, हे शाळेतल्या मुलांना सांगण्यासारखे आहे.

यझ्दमधली एक संध्याकाळ मात्र मोकळी ठेवावी. अमीर चखमाक चौकालगत साहेब-ए-जमान नावाचा झुरखाना, म्हणजे तालीमखाना आहे. जुन्या आब-अंबारातच तो भरतो आणि वर पाच बादगीर आहेत. मधोमध खोल आखाडा, वर बसलेला मुर्शिद ढोल वाजवत कवने म्हणतो, आणि खाली पहिलवान जड लाकडी मुद्गल फिरवतात. जुम्मादादा व्यायाम मंदिराच्या गावातून आलेल्या आपल्याला मुद्गल ओळखीचे वाटतील. मग एक जण साखळी आणि चकत्या लावलेले लोखंडी धनुष्य डोक्यावर धरून झणझणवतो, तेव्हा लेझीम आठवल्यावाचून राहत नाही. प्रेक्षकांना वर बाकांवर बसता येते. आत जायला पायऱ्या आहेत, पण थोड्याच. वेळ ठरलेली असली तरी त्या दिवशीची खात्री राहत्या ठिकाणच्या माणसाकडून करून घ्यावी, आणि शुक्रवारी काय उघडे असते तेही त्यालाच विचारावे.